पेटीतले लुगडे आणि अंगावरचे लुगडे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी देवळाच्या सभागृहात भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने नेमलेल्या समितीपुढे दोन सूचना आल्या असून, त्या दोहोंच्या पुरस्कर्त्यांमध्ये गेले दोन महिने बराच वाद चालू आहे, हे तुम्हां सर्वांस ठाऊकच आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, सभागृहालगतच्या खोलीत काचेची कपाटे बसवून त्यांत गावठाणातील जुन्या वस्तू मांडाव्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी लावावी, व येणाऱ्यांनी त्या शांतपणे पाहाव्या. दुसऱ्या पक्षास हे निर्जीव वाटते. त्यांचे म्हणणे असे की, लुगडी नेसलेल्या स्त्रिया, मसाला कुटणे, जात्यावरचे दळण, घुमटाच्या तालावर उंबराचे पाणी आणणे, असे सर्व काही देवळाच्या अंगणात प्रत्यक्ष करून दाखवावे, म्हणजे आपली मुले ते डोळ्यांनी पाहतील. पहिला पक्ष दुसऱ्यास तमासगीर म्हणतो व दुसरा पहिल्यास भंगारवाला म्हणतो. आम्हांस मत विचारले गेले आहे. ते एका शब्दात देता येईल असे आम्हांस वाटत नाही, म्हणून आज थोडा अधिक वेळ घेत आहोत.

प्रथम कपाटांविषयी. वस्तुसंग्रहालयाची निंदा करणे आजकाल सोपे झाले आहे. परंतु या मुंबईत त्या संस्थेने केलेले कार्य लहान नाही. भायखळ्याचे संग्रहालय, ज्यास आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, ते 1872 साली लोकांस खुले झाले. कोटातील मोठे संग्रहालय, जे पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने ओळखले जाई व आता छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते, ते 1922 साली खुले झाले. भायखळ्यास तुमच्यापैकी जे गेले असतील त्यांनी तेथील मातीच्या लहान लहान बाहुल्या पाहिल्या असतील. मुंबईतील नाना जातींचे व धंद्यांचे लोक, त्यांची पागोटी, त्यांचे दागिने, त्यांची हत्यारे, असे सर्व त्यांत बारकाईने घडविले आहे. आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर गोरेगावी संत पायस सेमिनरीच्या आवारात मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय उभारण्यात आले, आणि मनोरीस मोबाई गावठाण पंचायतीने आपल्या लोकांच्या घरगुती वस्तूंचे एक छोटे संग्रहालय मांडले. ज्या वस्तू एरवी मोडीत गेल्या असत्या त्या या लोकांनी वाचविल्या, एवढ्यासाठी तरी त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

कपाटातील वस्तूचा मोठा गुण हा की, ती पाहणाऱ्याची खुशामत करीत नाही. पाट्याचा दगड मध्ये खोल झिजलेला असतो. तो किती वर्षे व किती हातांनी झिजला हे तो दगड सांगत नाही. पण तो झिजला हे त्यास लपविताही येत नाही. लुगड्याच्या काठावर जेथे ठिगळ आहे तेथे ते आहे. नाटकातील लुगडे नवे कोरे असते, बहुधा दादरहून नुकतेच आणलेले असते, आणि त्याच्या नेसणीत टाचण्या असतात!

परंतु कपाटाची उणीवही तितकीच मोठी आहे, आणि ती घुमटाच्या उदाहरणावरून चांगली कळेल. घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे. त्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवितात, आणि लहान तोंड डाव्या हाताने कमीजास्त झाकून नाद बदलतात. हे कातडे पूर्वी घोरपडीचे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस अभय मिळाले, व ते योग्यच झाले. तेव्हापासून बकऱ्याचे कातडे वापरावे लागते. गोव्याच्या सरकारने 2019 साली घुमटास राज्याचे वारसा वाद्य ठरविले ते याच रूपात. आता विचार करा. एखाद्या संग्रहालयात शंभर वर्षांपूर्वीचे घोरपडीच्या कातड्याचे घुमट असेल, तर ते अस्सल आहे, पण मुके आहे. आपल्या लग्नात वाजते ते बकऱ्याच्या कातड्याचे घुमट त्या अर्थाने अस्सल नाही, पण ते वाजते, आणि वाजविणाऱ्याचा डावा हात त्याच्या बापाच्या हातासारखाच फिरतो. या दोहोंत खरे घुमट कोणते? जुने लोक सांगतात की दोहोंच्या नादात फरक आहे. तो फरक कळण्यास दोन्ही हवीत, आणि शिवाय दोन्ही ऐकलेला एक म्हातारा मनुष्यही हवा. आणि ही तिसरी गोष्टच आपल्यापाशी दिवसेंदिवस कमी होत आहे.

संग्रहालयाच्या या मुकेपणास कंटाळून परदेशांत काही लोकांनी निराळा मार्ग धरला, त्यास आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. स्वीडन देशात आर्थर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने प्रथम नेहमीच्या पद्धतीचे संग्रहालय काढले. पण कारखानदारीमुळे खेड्यांतील जीवन झपाट्याने लोपते आहे, व केवळ वस्तू जमवून ते कळत नाही, असे पाहून त्याने 1891 साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ नावाचे उघड्यावरील संग्रहालय सुरू केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून जुनी घरेच्या घरे उचलून तेथे आणून उभी केली, आणि त्यांत त्या त्या प्रांताच्या पोशाखातील माणसे कामे करताना दिसू लागली. अमेरिकेत विल्यम्सबर्ग गावी तर ही कल्पना एका धर्मोपदेशकाच्याच डोक्यातून निघाली. ब्रूटन पॅरिश या तेथील देवळाचे रेक्टर गुडविन यांनी 1926 च्या सुमारास रॉकफेलर (धाकटे) यांचे मन वळविले, आणि अठराव्या शतकातील ते सबंध गाव पूर्ववत उभे करण्याचे काम सुरू झाले. ते आपल्या पंथाचे नव्हते. पण पाद्री लोकांस जुन्या भिंतींचे वेड असते ते सर्व पंथांत सारखेच दिसते.

तथापि, आम्हां कॅथलिकांस ही कल्पना स्वीडनकडून घ्यावयास नको. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 सालच्या नाताळात ग्रेच्चो गावी काय केले ते आठवावे. तोपर्यंत बेथलेहेमचा देखावा लोक चित्रांत व कोरीव कामात पाहत. संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण, खरे गवत, खरा बैल व खरे गाढव आणविले, आणि त्या गव्हाणीपाशी मिस्सा झाला. त्या घटनेस 2023 साली आठशे वर्षे झाली. येथे एक गोष्ट आमच्या मनात नेहमी घोळते. त्या रात्रीचा जो जुना वृत्तान्त आहे त्यात कोणी मरियेचे किंवा योसेफाचे सोंग घेतल्याचा उल्लेख नाही. गव्हाण खरी होती, आणि त्या ठिकाणी झालेला मिस्साही खराच होता. दाखविण्यासाठी केलेले असे त्यात फार थोडे होते. आज आपण ज्यास ‘जिवंत देखावा’ म्हणतो त्याची ही गंगोत्री मानली तर तिचे पाणी पुढे बरेच गढूळ झाले, असे म्हणावे लागते.

गढूळ कसे, ते विल्यम्सबर्गकडूनच शिकावे. तेथे अनेक वर्षे सुंदर पोशाखांतील स्त्रीपुरुष, मेणबत्त्या करणारे, लोहार, घोडागाड्या असे सर्व दाखविले जाई, आणि पाहणारे प्रसन्न होऊन घरी जात. पण अठराव्या शतकात त्या गावची सुमारे निम्मी वस्ती गुलाम नीग्रो लोकांची होती. त्यांचे जीवन कोणी दाखवीत नसे. 1979 साली प्रथम काळ्या वर्णाचे निवेदक तेथे नेमले गेले. पुढे 1994 साली गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखविला, तेव्हा त्यावर तीव्र वाद झाला. त्या लोकांच्या दुःखाचा खेळ मांडला, असे कित्येकांचे म्हणणे पडले; आणि इतके दिवस लपविलेले आता तरी उघड झाले, असे इतरांचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जिवंत देखाव्याचा धोका हाच की, तो सुखाचे सहज करून दाखवितो, आणि दुःखाचे दाखवावयास गेला तर त्याचा तमाशा होण्याची भीती असते. पैशाचे सोंग आणता येत नाही अशी म्हण आहे. श्रमाचेही आणता येत नाही.

आता ही गोष्ट स्वतःस लावून पाहू. आपले आजेपणजे ज्यांस आज ईस्ट इंडियन म्हणतात (हे नावही एका सुवर्णमहोत्सवाच्याच वर्षी, म्हणजे 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली तेव्हा घेतलेले आहे), ते बहुतेक साष्टीतील भातशेती करणारे, ताडी काढणारे, मासळी धरणारे लोक होते. लुगडे हा काही त्यांच्या सणाचाच पोशाख नव्हता. गुडघाभर चिखलात आवणी लावावयाची असल्यामुळे ते तसे आखूड व काष्टा घालून नेसत. आमच्या देवळाच्या वार्षिक समारंभांत लुगडी नेसलेल्या मुली नाचतात, त्या पाहून आम्हांस आनंदच होतो. पण त्या लुगड्यास चिखल कधी लागत नाही, हे आमच्या लक्षात राहते. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा गावोगाव घरे ओस पडली व लोकांनी रस्त्यांच्या तिठ्यांवर क्रूस उभारले; त्यांपैकी कितीतरी क्रूस अजून उभे आहेत व आपण त्यांस मेणबत्त्या लावतो. सहार व मरोळकडील कितीतरी शेते पुढे विमानतळाखाली व कारखान्यांखाली गेली. अंगणातील देखाव्यात या गोष्टी कोण करून दाखविणार? त्या करून दाखवूही नयेत. परंतु त्या कोठेतरी सांगितल्या गेल्या पाहिजेत. आणि तेथे कपाटच उपयोगी पडते, कारण भूसंपादनाची एक पिवळी पडलेली नोटीस काचेखाली नुसती ठेवली तरी ती पुरे बोलते.

या दोन्ही प्रकारांहून निराळे असे काही आहे काय? आहे, आणि तेही आपल्या अंधेरीतच आहे. कोंदिवट्यास जेझुइट धर्मगुरूंनी बांधलेले संत योहान बाप्तिस्ता यांचे देऊळ 1579 साली उभे राहिले. 1840 साली साथीच्या रोगाने गाव उठले, लोक मरोळकडे गेले, आणि ते देऊळ रानात पडून राहिले. पुढे 1973 मध्ये त्याच जागी सीप्झ नावाचे निर्यात क्षेत्र वसले (नावात सांताक्रूझ, जागा अंधेरीत, असा कारभार सरकारच करू जाणे), आणि देवळाची छप्पर नसलेली भिंत कुंपणाच्या व पहारेकऱ्यांच्या आत गेली. एरवी तेथे प्रवेश नाही. पण वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासच्या गावठाणांतील लोक तेथे जमतात, आणि त्या उघड्या आभाळाखाली मिस्सा होतो. कित्येक स्त्रिया लुगडी नेसून येतात. तेथे कपाट नाही, चिठ्ठी नाही, आणि सोंगही नाही. जमलेल्या लोकांपैकी कित्येकांच्या पूर्वजांचा त्याच जागी बाप्तिस्मा झालेला असेल. ते कोणाचे काम करून दाखवीत नाहीत, स्वतःचेच काम करतात. पाहावयास कोणी आले काय आणि न आले काय, मिस्सा होतोच.

त्याच्या उलट बोरिवलीचे मंडपेश्वर पाहा. ती मूळची प्राचीन शैव लेणी. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो यांच्या काळी त्या लेण्याचे देऊळ झाले, व वर टेकडीवर विद्यालय उभारले गेले. 1739 साली मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा तो सर्व पसारा संपला. आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली लेणे आहे, त्यात शिवाची पूजा होते, भिंतीवर कोरलेला क्रूसही दिसतो, आणि वरती विद्यालयाचे भग्न अवशेष उभे आहेत. तेथे आम्ही जिवंत देखावा मुळीच सुचविणार नाही. दुसऱ्यांच्या पूजास्थानाचे आपण देऊळ केले व पुढे ते आपणांकडून गेले, ही कथा नटून सांगण्यासारखी नाही. ती खाली मान घालून वाचावी, एवढ्यासाठी पुरातत्त्व खात्याची एक नीट पाटी पुरेशी आहे.

आणि वसईच्या घंटांचे काय? 1739 मध्ये वसई पडल्यावर तेथील देवळांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकास गोदेच्या काठी नारोशंकराच्या मंदिरावर टांगलेली प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच असून तिजवर 1721 हे साल आहे. आपल्यातील काहींस त्याचे वाईट वाटते. आम्हांस, खरे सांगावयाचे तर, त्याचे तितके वाईट वाटत नाही. ती कोणा राजाच्या दिवाणखान्यात न जाता देवाच्याच दारी टांगली गेली. आणि घंटेचा जन्म ज्यासाठी झाला, ते टांगलेपण तरी तिचे सुटले नाही.

आणखी एक उदाहरण देऊन आम्ही आपल्या खोलीकडे व अंगणाकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. त्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? लोकांनी तो उतरून घेतला व उपवासकाळात घरोघर म्हटला म्हणून वाचला. अशा उतरवलेल्या प्रतींवरूनच 1907 साली मंगळूरास तो पुन्हा छापला गेला. पण त्याचबरोबर हेही सांगावे लागते की, त्याची एक देवनागरी हस्तलिखित प्रत मार्सडेन नावाच्या इंग्रज संग्राहकाच्या ग्रंथांबरोबर लंडनच्या एका ग्रंथालयात पडून होती, आणि ती तेथे पडून राहिली म्हणूनच विद्वानांस पुढे पाठ ताडून पाहता आले. म्हणजे गळ्यानेही वाचविले आणि कपाटानेही वाचविले. तेव्हा आपल्या समितीतील दोन्ही पक्षांनी एकमेकांस नावे ठेवण्याचे आता पुरे करावे.

आमचा निर्णय म्हणाल तर तो असा. अंगणात तेच व्हावे जे एरवीही खरोखर व्हावयाचेच आहे. बाटलीचा मसाला हे त्याचे उत्तम उदाहरण. एप्रिल-मे महिन्यांत तो पुष्कळ घरांत अद्याप होतोच. मिरच्या उन्हात वाळवाव्या लागतात, धणे, हळद, तीळ, खसखस आणि बाकीचे जिन्नस एकेक करून मंद आचेवर भाजावे लागतात, मग उखळात लांब मुसळांनी कुटून, चाळून, उजेड लागू नये म्हणून काळपट रंगाच्या बाटल्यांत ठासून भरावे लागते. पूर्वी कुटणाऱ्या स्त्रिया घरोघर फिरत. आता बहुतेक जण गिरणीवर नेतात. यंदा ज्या घरांस मसाला करावयाचा आहे त्यांनी तो आपल्या गॅलरीत न करता देवळाच्या अंगणात करावा, व तयार मसाला आपल्या घरी न्यावा. मुले पाहतील, शिंकतील, दोन घाव घालून हात दुखवून घेतील. आपली रीत प्रत्येक घराने आपल्यापाशीच ठेवावी. ती फळ्यावर लिहा असा आग्रह कोणी धरू नये. कोणत्याही आजीबाईस खुर्चीवर बसवून तिची छायाचित्रे घेण्यासाठी रांग लावली जाऊ नये. ज्यास बोलावयाचे असेल त्याने तिच्याजवळ बसावे, लसूण सोलू लागावे, आणि मग विचारावे.

उंबराच्या पाण्याचा मात्र खोटा प्रयोग करण्यास आम्ही अनुमती देणार नाही, याबद्दल काही जण रुष्ट होतील. लग्नाच्या आदल्या दिवशी घुमटाच्या तालावर विहिरीवर जाऊन आणलेले ते पाणी एका विशिष्ट मुलीच्या किंवा मुलाच्या अंगावर पडावयाचे असते. खोटी नवरी आणि खोटा नवरा उभे करून ते पाणी ओतले, तर जे उरते ते केवळ ओले होणे. शिवाय विहिरी बुजल्यामुळे कित्येक ठिकाणी आता नळाचे पाणीच आणतात. ते आपण देखाव्यात दाखविणार काय, की प्लॅस्टिकची विहीर करणार? आपल्या धर्मग्रामात यंदा मे महिन्यात दोन विवाह ठरले आहेत. त्या दोन्ही घरांशी आम्ही बोललो आहोत. त्यांनी शेजाऱ्यांच्या मुलांस आपल्या मिरवणुकीत बोलाविण्याचे आनंदाने कबूल केले आहे. मुलांनी पाहुणे म्हणून जावे, फुगे खावे, आणि घरी यावे. आगेऱ्याचेही तसेच. आक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी आणावयाच्या त्या बाजारातून न आणता, मनोरी-गोराईकडे ज्यांच्या नातेवाइकांची शेती अद्याप आहे त्यांच्याकडून आणाव्या, व आदल्या आठवड्यात पाचवीच्या पुढील मुलांस कापणीस न्यावे. चिखलाची तक्रार पालकांनी आमच्याकडे करू नये.

खोलीचे म्हणाल तर ती व्हावी. परंतु चिठ्ठ्या नीट व्हाव्या. ‘जुने भांडे’ असे लिहिण्यापेक्षा काही न लिहिलेले बरे. वस्तूचे आपल्या गावठी बोलीतील नाव, ती कोणत्या गावठाणातील, कशासाठी वापरली जाई, कोणी घडविली हे ठाऊक असल्यास ते, आणि वापरातून ती कधी व का गेली, एवढे प्रत्येक चिठ्ठीवर असावे. देणाऱ्याचे नाव त्याची इच्छा असेल तरच. एक कपाट शेतजमिनीच्या कागदांसाठी व प्लेगच्या वेळच्या क्रूसांच्या छायाचित्रांसाठी वेगळे ठेवावे. त्यावर दिव्यांची आरास नको. तरुणसंघाच्या मुलांकडे मोबाईल सदैव हातात असतातच; त्यांनी प्रत्येक वस्तूविषयी तिच्या घरातील वडीलधाऱ्या मनुष्याचे बोलणे त्यावर मुद्रित करावे, त्याच्याच बोलीत, सुधारणा न करता. कपाटातील घुमटाशेजारी वाजते घुमटही टांगलेले असावे व ते कोणालाही काढून वाजविता यावे.

वस्तू पुढील चार रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर साक्रिस्तीत स्वीकारल्या जातील, आणि पोचपावती दिली जाईल. ज्या घरांत जाते आहे पण खुंटा मोडला आहे, त्यांनी ते तसेच आणावे. नवा खुंटा बसविण्याचे काम आपल्यातीलच एका सुताराने अंगावर घेतले आहे. मात्र जुना मोडका खुंटा टाकून देऊ नये. तोही बरोबर आणावा.